फॅमिली ग्रुप, सेकंड शिफ्ट आणि एक ‘गुड मॉर्निंग’



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आणि मी यांचं फारसं जमत नाही. मराठी विभागाच्या टीमने चुका सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, राहिल्या असतील तर त्या माझ्या!

शाळेत आम्हाला एक निबंध जवळजवळ दरवर्षी यायचा. ‘मोबाईल : शाप की वरदान?’ दोन पॅराग्राफ फायदे, दोन पॅराग्राफ तोटे आणि शेवटी ‘वापर कसा करायचा ते आपल्या हातात आहे’ हे ठरलेलं वाक्य. दहापैकी सात मार्क फिक्स! गेल्या ऑगस्टमध्ये मात्र माझ्याच घरी असं काही घडलं की तो निबंध पुन्हा एकदा लिहावा असं वाटलं. या वेळी मार्कांसाठी नाही.

घर वीस किलोमीटरवर, तरीही...

माझं घर चाकणला. कॉलेजपासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. ‘मग हॉस्टेलला कशाला राहतेस?’ असं विचारणाऱ्याने एकदा संध्याकाळी सहा वाजता मोशीच्या पुढे जाऊन दाखवावं! कंपन्यांच्या बस, कंटेनर, टेम्पो आणि त्यांच्यामध्ये अडकलेली आपली पीएमपीएमएल. पहिल्या वर्षी रोज येऊन-जाऊन केलं, सेकंड इयरला हॉस्टेल घेतलं.

पप्पा एका व्हेंडर कंपनीत आहेत. गाड्यांचे पार्ट बनतात तिथे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते : फर्स्ट, सेकंड, नाईट. त्यांची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. शॉप फ्लोअरवर मोबाईल न्यायला बंदी आहे, म्हणून कामावर जाताना तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे माझ्या पप्पांचं ‘लास्ट सीन’ म्हणजे त्यांच्या शिफ्टचं वेळापत्रकच!

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच चित्र असणार. हा सगळा पट्टाच तसा उभा राहिला आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. चाकणला १९९९ मध्ये बजाज आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या. या कारखान्यांसाठी लातूर, बीड, सोलापूर, खानदेश, विदर्भ अशा सगळ्या भागांतून माणसं आली. माणूस इथे आणि अर्धं घर गावाकडे, ही आपल्याकडची जुनीच गोष्ट आहे.

पूर्वी हे अंतर अंतर्देशीय पत्र आणि मनीऑर्डर भरून काढायची. मग एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर कमी व्हायचा म्हणून लोक बूथबाहेर रांगेत थांबायचे, असं मम्मी सांगते. २००९ मध्ये व्हॉट्सॲप सुरू झालं आणि ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की आमच्या गावच्या आजीकडेही स्मार्टफोन आला. तेव्हा आमच्या काकांनी फॅमिली ग्रुप काढला. नाव ‘आपली माणसं’. मेंबर एकतीस!

त्या दिवशी काय झालं?

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पप्पा सेकंड शिफ्टला होते. दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला : युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून घोषित केलं आहे, अभिमान असेल तर पुढे पाठवा. मग मोबाईल लॉकरमध्ये ठेवून ते लाईनवर गेले.

हा मेसेज २००८ पासून फिरतो आहे. आधी ईमेलवर, मग फेसबुकवर, मग व्हॉट्सॲपवर. युनेस्कोने अशी कुठलीही घोषणा केलेली नाही. मला ते माहीत होतं. प्रॅक्टिकल संपवून चार वाजता मी मोबाईल बघितला आणि तिथेच टाईप केलं : ‘पप्पा, हे फेक आहे. फॉरवर्ड करण्याआधी गुगल तरी करत जा!’ पुढे हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या तीन स्माईली.

मला वाटलं, मी बरोबर आहे, विषय संपला. मी मेसला गेले.

पण विषय संपला नव्हता. कझिन्सनी हसायला सुरुवात केली. एका काकांनी लिहिलं, ‘लेक इंजिनिअर होतेय, आता जपून!’ आत्याने हात जोडले. कोणीतरी पप्पांचे जुने फॉरवर्ड शोधून काढले. चौदा-पंधरा मेसेज झाले. आणि ज्या माणसाबद्दल हे सगळं चाललं होतं, तो चाकणमध्ये मशीनसमोर उभा होता. मोबाईल लॉकरमध्ये. त्याला उत्तर द्यायची सोयच नव्हती.

रात्री मी माझ्या मेसेजवर बोट दाबून ‘इन्फो’ बघितली. ‘वाचले’ या यादीत पप्पांचं नाव होतं. वेळ रात्री ११:५२. म्हणजे साडेअकराला शिफ्ट सुटली, ते कंपनीच्या बसमध्ये बसले आणि अंधारात एकट्याने हे सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं.

ते काहीच बोलले नाहीत. ग्रुप सोडला नाही, रागावले नाहीत. फक्त त्यांनी ग्रुपवर लिहिणं बंद केलं.

गुड मॉर्निंगचा अर्थ

आता इथे एक गंमत सांगते. म्हणजे तेव्हा मला ती गंमत वाटायची. पप्पा ग्रुपवर रोज ‘गुड मॉर्निंग’चं चित्र टाकायचे. गुलाबाचं फूल, वाफाळता चहा, देवाचा फोटो, काहीही. पण वेळेचा पत्ता नाही! एका आठवड्यात पहाटे साडेपाचला, पुढच्या आठवड्यात मध्यरात्री सव्वाबाराला, तिसऱ्या आठवड्यात सकाळी सातला. मध्यरात्रीच्या गुड मॉर्निंगवर आम्ही कझिन्स वेगळ्या ग्रुपवर खूप हसायचो. मी तर ‘आपली माणसं’ कधीच म्यूट करून टाकला होता.

त्या प्रकारानंतर आठवड्याभराने मम्मीचा फोन आला. म्हणाली, ‘आजी विचारत होत्या, दादाची तब्येत बरी आहे ना? फोटो येत नाही त्याचा.’

मला काही कळेना. मग मम्मीने सांगितलं. आजीला वाचायला फार येत नाही. पण पप्पांचं चित्र आलं, म्हणजे लेक शिफ्ट करून सुखरूप घरी पोचला किंवा वेळेवर बसला उभा राहिला, हे तिला कळतं. सेकंड शिफ्टला सव्वाबाराला बस चौकात सोडते. पप्पा जिना चढता चढता ते चित्र पाठवायचे. आजी पहाटे उठून आधी ते बघायची आणि मग चूल पेटवायची. दोन-तीन वर्षं हे चाललं होतं आणि त्या दोघांशिवाय फक्त मम्मीला ते माहीत होतं.

मी ईअँडटीसीची विद्यार्थिनी. संदेश पोचला की रिसीव्हर ‘ॲक्नॉलेजमेंट’ पाठवतो, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलेलं आहे. आणि घरातल्याच ॲक्नॉलेजमेंटला मी नॉईज समजून म्यूट केलं होतं!

थोडं तांत्रिक

आपल्या अभ्यासातला क्लॉड शॅनन सगळ्यांना आठवत असेल. १९४८ च्या त्याच्या प्रसिद्ध पेपरमध्ये सुरुवातीलाच त्याने स्पष्ट केलं आहे की संदेशाचा अर्थ काय, हा इंजिनिअरिंगचा प्रश्न नाही. इकडची चिन्हं तिकडे बिनचूक पोचवणं हा आहे. व्हॉट्सॲप हे काम उत्तम करतं. माझं वाक्य पप्पांपर्यंत एकही अक्षर न गळता पोचलं. घरातला प्रश्न मात्र शॅननने जो बाजूला ठेवला तिथूनच सुरू होतो.

नेमकं बिघडतं काय? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली वेळ. समोरासमोर बोलताना पप्पांच्या कपाळावर आठी पडली असती तर मी लगेच सूर बदलला असता. इथे माझ्या बोलण्यात आणि त्यांच्या वाचण्यात आठ तास गेले. पत्राला तर आठवडा लागायचा, पण तेवढ्या वेळात मध्ये कोणी बोलत नसे. ग्रुपमध्ये त्या आठ तासांत बाकीचे एकोणतीस जण बोलून घेतात.

दुसरी श्रोते. हेच वाक्य मी स्वयंपाकघरात चहा पिताना बोलले असते तर पप्पा हसले असते. ‘बरं बाई, तू शहाणी!’ म्हणून विषय संपला असता. ग्रुपवर तेच वाक्य त्यांच्या धाकट्या भावासमोर, भाच्यांसमोर, आईसमोर गेलं. शब्द तेच, पण घरात ते बोलणं होतं आणि ग्रुपवर ते चारचौघांत उणंदुणं काढणं झालं.

तिसरी सूर. लिहिलेल्या वाक्याला सूर नसतो, वाचणारा तो स्वतःच्या मनातून घालतो. आठ तास उभं राहून थकलेला माणूस तीन हसऱ्या स्माईलींना कुठला सूर लावेल?

संशोधन काय सांगतं?

हे फक्त माझ्या घरचं आहे का, म्हणून थोडं वाचलं. अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठातले रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ७३ कुटुंबांतल्या १६९ जणांचा अभ्यास केला. या घरांना नव्यानेच कॉम्प्युटर आणि इंटरनेट मिळालं होतं. १९९८ मध्ये निष्कर्ष आला : जे लोक इंटरनेट जास्त वापरत होते, त्यांचं घरातल्या माणसांशी बोलणं कमी झालं होतं आणि एकटेपणा थोडा वाढला होता. झालं, ‘शाप’ सिद्ध!

पण थांबा. याच क्राउट यांनी २००२ मध्ये त्याच लोकांवरचा पुढचा निष्कर्ष मांडला. मधल्या काळात ते वाईट परिणाम बहुतेक विरून गेले होते. त्याच पेपरमधल्या दुसऱ्या, नव्या गटात ज्यांना आधीपासून माणसांचा आधार होता, त्यांना तर इंटरनेटचा फायदाच होत होता. म्हणजे ‘वरदान’?

तिसरा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. २०१६ मध्ये मोइरा बर्क आणि क्राउट यांनी सुमारे एकोणीसशे फेसबुक वापरणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. (बर्क त्या वेळी फेसबुकमध्येच काम करत होत्या, हेही लक्षात ठेवलेलं बरं.) त्यात दिसलं ते असं : जवळच्या माणसाने खास आपल्यासाठी लिहिलेलं काही आलं, तर माणसाला बरं वाटण्याशी त्याचा संबंध होता. नुसता लाईक किंवा सगळ्यांसाठी टाकलेली पोस्ट वाचणं, याचा तसा संबंध दिसला नाही.

म्हणजे ‘किती तास मोबाईल?’ यापेक्षा ‘कोणाशी आणि कसं?’ हा प्रश्न मोठा आहे. शाळेच्या निबंधात हा पॅराग्राफ कधीच नव्हता.

सात वाजताचा भोंगा

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण यावर विचार करायला लावतं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर भरली, शाळा परत सुरू झाली तरी मोबाईल काही हातातून सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवलं : रोज संध्याकाळी सात वाजता गावातल्या मंदिरावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की पुन्हा सुरू. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा आणि घरच्यांनी एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक यांनी घरोघरी फिरून लोकांना समजावलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ एकच आहे. पण मला वडगावचा भोंगा जास्त पटला, कारण तो आई-बाबांसाठीही वाजतो! मुलांनी मोबाईल ठेवायचा आणि मोठ्यांनी सिरियल बघायची, असं तिथे नाही.

त्या भोंग्यात अजून एक मर्म आहे. तो ‘संपलं’ असं सांगतो. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, सिरियल अर्ध्या तासात संपते. सोशल मीडियाला मात्र तळच नाही. बोटाने सरकवत राहिलं की नवीन येतच राहतं, ही ‘इन्फिनिट स्क्रोल’ची युक्ती २००६ मध्ये आझा रास्किन या डिझायनरने काढली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. शिवाय पूर्वी घरात टीव्ही एकच असे. रिमोटवरून भांडणं व्हायची, पण सगळे बघायचे तेच. आता एकाच हॉलमध्ये चौघांचे चार रील्स, आणि हसायची वेळही प्रत्येकाची वेगळी.

पण आपल्याकडे सात कधी वाजतात?

मला मनापासून वाटलं की हा भोंगा चाकणलाही हवा. मग लक्षात आलं, संध्याकाळी सात वाजता पप्पा कुठे असतात? फर्स्ट शिफ्ट असेल तर घरी. सेकंड असेल तर लाईनवर. नाईट असेल तर रात्रीच्या ड्युटीआधी झोपलेले. शेतीच्या गावात सगळ्या घरांचे सात एकदम वाजतात. आपल्या पट्ट्यात एकाच घरातल्या माणसांचे सात वेगवेगळ्या वेळी वाजतात!

म्हणूनच आपल्याकडे ‘मोबाईलने घरचा वेळ खाल्ला’ हे अर्धंच खरं आहे. घरचा एकत्र वेळ शिफ्टने आधीच वाटून टाकलेला आहे. जो तुकडा उरतो तो मोबाईलमुळेच जोडला जातो. आपल्या मेसच्या मावशींना टाईप करायला जमत नाही, पण भांडी झाल्यावर त्या बाहेरगावी असलेल्या मुलाला व्हॉइस मेसेज पाठवतात आणि त्याचा आलेला दोनदा ऐकतात. त्यांना कोणी ‘मोबाईल कमी वापरा’ म्हणून सांगू नये!

बिघडतं ते कधी? तर एका माणसाशी बोलायची गोष्ट आपण एकतीस जणांसमोर बोलतो तेव्हा. आणि ‘आज ग्रुपवर बघितलं ना त्यांना’ म्हणून फोन करायचा राहून जातो तेव्हा. मी तर वीस किलोमीटरवर राहून तीन आठवडे पप्पांचा आवाज ऐकला नव्हता, आणि मला ते जाणवलंही नव्हतं.

मग मी काय केलं?

मम्मीचा फोन झाला तेव्हा पप्पा नाईटला होते. त्यांची पुन्हा सेकंड शिफ्ट यायची वाट बघितली, म्हणजे अजून तब्बल दोन आठवडे. रात्री पावणेबाराला, ते बसमध्ये बसले असतील तेव्हा, हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन फोन लावला. आधी त्यांनी घाबरून विचारलं, ‘काय गं, बरी आहेस ना?’ मी सॉरी म्हणाले. बराच वेळ नुसता बसचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, ‘तुझं बरोबरच होतं बाळा. पण ते मला फोन करून सांगायचं होतंस.’

एवढंच. या सगळ्या लेखाचं सार या एका वाक्यात आहे, आणि ते सांगणारा माणूस आयटीआय झालेला आहे.

आता आमच्या घरी चार गोष्टी ठरल्या आहेत. तुम्हाला पटल्या तर घ्या :

१. चूक दाखवायची असेल तर ग्रुपवर नाही, त्या माणसाला फोन करून. मग हवं तर तोच ग्रुपवर दुरुस्ती टाकेल.

२. घरातल्या प्रत्येकाची शिफ्ट माहीत असायला हवी. माझ्या टेबलसमोर पप्पांचा महिन्याचा चार्ट चिकटवला आहे, सेमिस्टरच्या टाईमटेबलच्या शेजारी.

३. आठवड्यातून एकदा आवाज. मेसेज नाही, फोन. विषय नसला तरी चालेल, ‘जेवलीस का?’ हाही विषयच आहे.

४. गुरुवारी जेवताना सगळ्यांचे मोबाईल फ्रिजवर. पप्पांचाही! आमचा भोंगा म्हणजे मम्मीची हाक.

सगळं पूर्वीसारखं झालं का? नाही. पप्पा आता फॉरवर्ड आला की आधी मला पाठवतात : ‘हे खरं आहे का?’ त्याचा आनंद होतो आणि थोडं वाईटही वाटतं, कारण पूर्वी ते बिनधास्त पाठवायचे. ग्रुपवरचा त्यांचा गुड मॉर्निंग अजून परत आलेला नाही. ते आता आजीला रोज सकाळी फोन करतात. आजी म्हणते, चालतंय, आवाज तरी ऐकू येतो. पण पूर्वी पहाटे उठल्या उठल्या कळायचं, आता पप्पांची झोप होईपर्यंत थांबावं लागतं.

मी मात्र ‘आपली माणसं’ अनम्यूट केला आहे. कधीतरी मध्यरात्री सव्वाबाराला गुलाबाचं फूल येईल म्हणून.

जाता जाता, हॉस्टेलमधल्या सगळ्यांना, रेक्टर मॅडम आणि ऑफिसच्या स्टाफलाही, एकच प्रश्न. गुगल न करता उत्तर द्यायचं हं! आज या क्षणी तुमच्या घरचं माणूस कुठल्या शिफ्टला आहे?

आठवत नसेल, तर मॅगझिन बाजूला ठेवा. बाकीचं नंतर वाचा.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन